परातीतल्या लाल काड्या

माझ्याइतका स्वच्छतेचा वेडा माणूस अख्ख्या कॅम्पात नाही, असं मी त्या काळी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. स्लाइडवर कुणाचं बोट उमटलं की माझं डोकं फिरलंच. रंगाच्या बाटलीचं बूच कुणी उलटं ठेवलं तर मी त्याच्याशी दिवसभर बोलत नसे. त्यामुळे ही हकीकत सांगताना लाज वाटते ती आधी माझी मलाच. इतकी वर्षं ती मी घरातही कुणाला सांगितली नव्हती.

उल्हासनगरला तेव्हा सगळे कॅम्पच म्हणत. लढाईच्या दिवसांत सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी होत्या, आणि फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं त्यांत राहत होती. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार-चार बिऱ्हाडं. अशाच एका बराकीत एक धर्मादाय दवाखाना निघाला होता आणि त्याच्या टोकाच्या खोलीत आमची लॅब होती. माझं घर अंबरनाथला. आई आणि मी, चाळीतल्या दोन खोल्यांत. मुंबईच्या एका इस्पितळात तीन वर्षं हे काम शिकून मी घराजवळची नोकरी म्हणून इथे आलो होतो. वय चोविशीचं आणि मिजास चाळिशीची.

काम असं की शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा बरणीतून आमच्याकडे येई. तो औषधांत मुरवायचा, मेणात बसवायचा आणि मेणाची वडी घट्ट झाली की यंत्राच्या पात्याने तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. काप सुरकुततात, म्हणून ते कोमट पाण्यावर सोडायचे. तिथे ते सायीसारखे पसरतात. मग स्लाइडला अंड्यातल्या पांढऱ्याचं बोट लावायचं, स्लाइड पाण्यात तिरकी घालायची आणि काप अलगद उचलायचा. तो वाळला की रंग द्यायचा. क्षयाचा संशय असेल तर लाल रंग गरम करून चढवायचा आणि आम्लाने धुवायचा. बाकी सगळं धुऊन निघतं, पण क्षयाच्या जंतूंनी एकदा धरलेला लाल रंग सुटत नाही. शेवटी वरून निळा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यात बारीक लाल काड्या दिसल्या की निकाल लागला.

कोमट पाण्यासाठी आमच्याकडे इनॅमलची एक पांढरी परात होती. खाली स्पिरिटचा दिवा. ती परात भरायचं काम मावशीचं. मावशी म्हणजे आमच्या दवाखान्यातली झाडलोट करणारी बाई, पन्नाशीची, सिंधमधून एकटीच आलेली. तिचं कोण कोण मागे राहिलं हे तिने कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. मी तिला मावशी म्हणे, ती मला पुट म्हणजे मुलगा म्हणे. तिची हिंदी माझ्या हिंदीइतकीच मोडकी असल्यामुळे आमचं छान जमे.

पाणी ही कॅम्पातली फार मोठी गोष्ट होती. बराकींच्या मधल्या नळावर पहाटेपासून बादल्यांची रांग लागे. रांगेत भांडणं होत, डोकी फुटत. मावशी आपली बादली घेऊन त्या रांगेत उभी राही आणि दोन तासांनी एक बादली आमच्या लॅबला आणून देई. मी कामाला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती परातीपाशी थबकून उभी होती.

"पुट, ये फेंकना है?"

"हो. रोज फेकायचं."

तिने परातीत वाकून पाहिलं. "इतना साफ है. कैसे फेंकूं? हमारे वहाँ तो पूरा दरिया था, फिर भी अम्मा पानी नहीं फेंकती थी."

दरिया म्हणजे तिची सिंधू नदी. आमच्या घरी रोज सकाळी आई शिळं पाणी ओतून, कळशा घासून ताज्या भरत असे. मी त्या घरातला. मुंबईत मला शिकवलंही हेच होतं की परात रोज रिकामी करायची, पुसायची, कोरडी उपडी ठेवायची. पण तिच्या हाताला बादलीच्या कडीचे वळ उठले होते ते मला दिसले. शिवाय, खरं सांगायचं तर, पाणी फेकलं की सकाळी परात भरून कोमट व्हायला उशीर होई आणि माझं काम खोळंबे. कीव किती आणि सोय किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. मी म्हटलं, "असू दे. कमी होईल तेवढं वरून भरा." तिचा चेहरा उजळला. ती रोज परातीवर स्वच्छ फडकं झाकून जाई आणि सकाळी वरून दोन तांबे घाली. असे चार महिने गेले.

पालेगावची ती बाई आली ती या चार महिन्यांनंतर. बाई कसली, एकोणीस-वीस वर्षांची पोरच. मानेला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. कडेवर पाच-सहा महिन्यांचा मुलगा. नवरा अंबरनाथला कारखान्यात कामाला होता. त्याने रजा काढून तिला आणलं होतं. आमच्या दवाखान्यात गाठ काढली आणि बरणी माझ्याकडे आली. टाके घातलेल्या मानेने ती व्हरांड्यात बसून मुलाला पाजत होती आणि मी तिच्या शेजारून ती बरणी घेऊन गेलो, एवढं मला स्पष्ट आठवतं.

आमचे डॉक्टर मुंबईहून मंगळवारी आणि शुक्रवारी येत. साठी ओलांडलेले, मितभाषी, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी आधी साध्या रंगाची स्लाइड पाहिली.

"हे क्षयासारखं दिसत नाही," ते म्हणाले. "साधी सूज वाटते. दात किडला असेल, कान फुटला असेल, त्यानेही मानेत गाठ येते. तुझ्या लाल रंगात काय आहे?"

मी अभिमानाने स्लाइड पुढे केली. सकाळीच मी ती पाहून ठेवली होती. "काड्या आहेत, सर. भरपूर आहेत."

त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं. काड्या होत्याच. ते म्हणाले, "मांस एक सांगतंय आणि रंग दुसरं सांगतोय." मग मला विचारलं, "रंगवताना चूक नाही ना?"

"सर, माझ्या हातून?" मी म्हटलं. बस्स, एवढंच म्हटलं. तेवढ्या शब्दांवर त्यांनी सही केली.

नवऱ्याला त्यांनी नीट समजावलं की गाठीतला क्षय लगेच दुसऱ्याला लागत नाही. पण छातीचा फोटो काढून खात्री होईपर्यंत बाळाला अंगावर पाजू नका, वेगळं ठेवा. त्या काळी सगळेच हे सांगत. फोटोसाठी मुंबईला जायचं होतं आणि तिथला नंबर महिन्याने लागणार होता. नवऱ्याने या सगळ्यातून एकच शब्द घरी नेला, क्षय. तिसऱ्या दिवशी कळलं की सासूने तिला माहेरी पाठवलं आणि मुलाला ठेवून घेतलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आजार वेळेवर सापडला याचं समाधान जास्त होतं. तो मीच शोधून काढला होता ना!

पंधरा दिवसांनी लाल रंग संपला. मी नवा केला. नवा रंग केला की तो एखाद्या निरोगी तुकड्यावरही लावून बघायचा, त्यात लाल काही राहता कामा नये, अशी पद्धत असते. ही ताडून बघायची स्लाइड खरं तर प्रत्येक वेळी लावायची, पण स्लाइडा मोजक्या म्हणून मी तिला फाटा देत आलो होतो. त्या दिवशी मात्र लावली. कॅम्पातल्या एका दुकानदाराच्या पाठीवरून काढलेली चरबीची गाठ होती, तिचा ताजा काप घेतला. धट्टाकट्टा माणूस, रोज आमच्या दारावरून मोठ्याने गाणी म्हणत जाई.

चरबीत लाल काड्या होत्या.

मी हसलो. रंग बिघडला, म्हटलं. तो ओतून दुसरा केला. पुन्हा काड्या. आम्ल बदललं. काड्या. स्लाइडा जुन्या, धुऊन वापरलेल्या, त्यांच्यावर पूर्वीचं काही चिकटलं असेल म्हणून जपून ठेवलेलं नवं खोकं फोडलं. काड्या. अंड्याचा पांढरा जुना झाला असेल म्हणून मावशीला ताजं अंडं आणायला सांगितलं आणि, आमच्या घरी अंडं चालत नसे, तेव्हा आईला कळू नये म्हणून सदऱ्याची बाही नाकाशी नेऊन वास बघत घरी गेलो. दुसऱ्या दिवशीही काड्या. त्या आठवड्यात मी कुणावर खेकसलो नाही असा माणूस दवाखान्यात उरला नसेल. कंपाउंडरवर स्पिरिटमध्ये पाणी घालतो असा आळ घेतला. मावशीला म्हटलं, तुमच्या झाडूची धूळ माझ्या स्लाइडवर बसते. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं चाललं होतं. ती बिचारी लॅब झाडायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडायला लागली, तेही आपल्या पिण्याच्या वाट्यातलं.

अखेर एका दुपारी मी चिडून मांस नसलेल्याच दोन स्लाइडा रंगवल्या. एका स्लाइडला नुसतं अंड्याचं बोट लावलं. दुसरीला अंड्याचं बोट लावून परातीत बुडवून काढली. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पहिली कोरी. दुसऱ्या स्लाइडवर लाल काड्या, मोकळ्या काचेवर, आसपास काहीही नसताना.

मी परातीत हात घातला. तळाशी बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. पाणी वरून काचेसारखं स्वच्छ होतं आणि तळाला जवळजवळ पाच महिन्यांचा थर. नळाच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद असतात. माणसाला ते काही करत नाहीत, पण लाल रंग तस्साच धरून ठेवतात. रोज कोमट होणाऱ्या, कधी न फेकलेल्या पाण्यात ते सुखाने वाढले होते आणि मी उचललेल्या प्रत्येक कापाबरोबर स्लाइडवर चढत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आधी लाल रंग दिलेल्या बाकीच्या दोन-तीन गाठींचं मांसही क्षयच सांगत होतं. मग मला पालेगावच्या बाईची स्लाइड आठवली. कपाटातून काढून ती पुन्हा लावली. मांसावर नजर स्थिर केली की काड्या धूसर होत होत्या, भिंग केसभर वर घेतलं की काड्या लख्ख आणि मांस धूसर. म्हणजे काड्या मांसात नव्हत्याच, मांसावर बसलेल्या होत्या. आणि कापाच्या कडेबाहेर, रिकाम्या जागेतही त्या होत्या. हे सगळं त्या दिवशीही तसंच होतं. मी ते पाहिलंही होतं. पण काड्या सापडल्या या आनंदात त्या कुठे सापडल्या हे मी बघितलं नाही. मी स्टुलावर बसून राहिलो. मग उठून परात बाहेर नेऊन ओतली.

मावशी आली. परात रिकामी पाहून तिने विचारलं, "पानी किधर गया?"

मी सांगितलं. काय समजलं तिला कोण जाणे, पण त्या मुलाच्या आईचं समजलं. तिने हातातली बादली खाली ठेवली. "मैं ने किया?"

"नाही मावशी. मी सांगितलं होतं, असू दे म्हणून."

"मैं ने पूछा था, पुट," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. तिने नुसती आठवण करून दिली. मला त्यापेक्षा तिने मुस्कटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर शुक्रवारी आले. त्यांच्यापुढे मी सगळं बोललो, "असू दे"सकट. ते रागावले नाहीत. मेणाची वडी जपून ठेवलेली होती. तिचे नवे काप काढले, उकळून गार केलेल्या पाण्यावर, घासलेल्या परातीत. चार स्लाइडा रंगवल्या. चारही निळ्याशार, एकही काडी नाही. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट लिहिला, त्यावर सही केली, आणि पेनाला टोपण लावताना म्हणाले, "मला मांस खरं सांगत होतं. मी तुझं ऐकलं." आयुष्यात मला इतकं कुणी कधी बोललं नाही.

रविवारी तो कागद घेऊन मी स्वतः पालेगावला गेलो. वरातीमागून घोडं. नवरा ओट्यावर बसला होता, सासू दारात, तिच्या मांडीवर मुलगा. बाटलीतून शेळीचं दूध पीत होता. हडकला होता. मी कागद वाचून दाखवला आणि मागच्या कागदावरच्या लाल काड्या चुकीच्या होत्या असं सांगितलं. सासूने शांतपणे ऐकून घेतलं.

"तवा लाल काड्या व्हत्या ना?"

"होत्या. पण त्या पाण्यातल्या होत्या, आजी. तुमच्या सुनेच्या अंगातल्या नव्हत्या."

"आनि आता नाय?"

"नाहीत."

"तवा पन तुम्हीच बघितल्या. आता पन तुम्हीच बघितला." तिने मुलाच्या तोंडाला पदर लावला. "कंचा खरा धरू?"

मी समजावत राहिलो. पाणी, परात, तळाचा थर. जितकं बोलावं तितकं ते थापेसारखं वाटत गेलं. मलाच वाटायला लागलं की मी थाप मारतोय. शेवटी नवरा उठला. "चला," एवढंच म्हणाला. तिचं माहेर बदलापूरच्या पलीकडे, चामटोलीहून पुढे डोंगराच्या अंगाला. आम्ही उन्हाचे चालत गेलो. वाटेत तो एकदाच बोलला. "मी आयसला सांगत व्हतो, थांब म्हनून," तो म्हणाला. मग पुढे बराच वेळ आपल्याच पायांकडे बघत चालला.

पाच-सात घरांची वाडी होती. ती घरात नव्हती. गोठ्याच्या बाजूला कुडाचा आडोसा करून दिला होता, तिथे राहत होती. आडोशाबाहेर एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट आणि पेला उपडा घालून ठेवला होता, तिचा एकटीचा. आम्हाला बघून ती उठली आणि दोन पावलं मागे सरली. पदर तोंडावर धरला. मी म्हटलं, "अहो, जवळ या. तुम्हाला काही झालेलं नाही." तरी ती आली नाही. महिनाभरात तिला मागे सरायची सवय लागली होती.

मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी थोडक्यात. चूक झाली. माझी झाली. तुम्हाला क्षय नव्हता, नाही. मुलाला घ्या, पाजा. ती माझ्याकडे बघत होती आणि नवरा जमिनीकडे. आपल्याला ती चार शिव्या देईल, रडेल, असं मला वाटलं होतं. मी त्याची तयारी करून आलो होतो. तिने पदर तोंडावरून काढला, आणि अगदी हळू आवाजात, जणू माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला त्रास द्यायला नको म्हणून, सांगितलं:

"पयले आठ-धा दीस लय यायचा. छाती दगडासारकी व्हयाची. आय म्हनाली, टाकून दे, नायतर ताप येल. मंग रोज त्या चिचंच्या बुडाशी जाऊन टाकून द्येत व्हते." तिने हाताने झाड दाखवलं. "मंग आटला. आता नाय येत."

मी त्या चिंचेकडे बघत राहिलो. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"तुमच्या या कागदान लिव्हलाय का," तिने विचारलं, "परत येल का नाय त्यो?"

मी लॅबमधला माणूस. मेलेल्या मांसाचे काप काढणारा. दूध कसं येतं, कसं आटतं, यातलं मला अक्षर ठाऊक नव्हतं. मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगतो, एवढं म्हणणं सोपं होतं आणि खरं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि महिनाभरात पहिल्यांदाच एक पाऊल पुढे आली होती.

"येईल," मी म्हटलं. "मूल जवळ घेतलंत की येईल."

तिने लगेच आत जाऊन लुगडी बांधायला घेतली. माझा शब्द तिला पुरला. पहिल्या वेळीही सगळ्यांना पुरला होता.

मावशी त्यानंतर रोज संध्याकाळी परात घेऊन बराकीमागे जाई. न विचारता. एकदम उपडी करत नसे, कडेने थोडं थोडं पाणी सोडत राही. "उसका दूध आया क्या, पुट?" असं तिने मला तीन-चारदा विचारलं. मी म्हणे, विचारतो. पालेगाव अंबरनाथहून पायी फार लांब नव्हतं. त्या दवाखान्यात मी आणखी सहा वर्षं होतो आणि एकदाही विचारायला गेलो नाही.